पलीकडे सरकलेलं पान

चाळीस वर्षं मी लोकांना टाइपिंग शिकवलं. छावणीच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानावर माझी इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनी, बारा स्टुलं आणि दिवसभर असा खडखडाट, की खालच्या शिंप्याला स्वतःच्या मशिनीचा आवाज येत नसे. बाजारात संगणक आले तेव्हा मी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांचंही माझ्यावाचून काही अडलं नाही, त्यांनी सरळ माझी पोरं पळवली. इन्स्टिट्यूट बंद झाली आणि मशिनी भंगारवाल्याने वजनावर नेल्या. त्या गोष्टीचा राग मला अजून येतो.

लॅपटॉप मुकुंदवाडीच्या घरी आला तो लेकीचा जुना. ती पुण्यात संगणकाच्याच कामात आहे. आधीची सिस्टीम त्याला झेपेना म्हणून तिने त्यात लिनक्स घातलं, टाइपरायटरच्या मांडणीने मराठी उमटेल अशी सोय केली, लिहायचं कोरं पान उघडून दिलं आणि दहा मिनिटं काय काय समजावलं. मी मान डोलावत होतो. दुसऱ्याला शिकवण्यात जन्म गेला की स्वतः शिकून घेणं जिवावर येतं. तिचा दहातला एक शब्द माझ्या डोक्यात शिरला असेल.

हा खटाटोप माझ्या मोठ्या बहिणीसाठी होता. आक्का कन्नडजवळच्या खेड्यात राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस माझ्याकडे होती. ती गाणी रचते. शेतात निंदताना, विहारात, लग्नाघरी, कुठेही. कागदावर एकही नाही, कारण तिला लिहिता येत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करू म्हटलं तर म्हणाली, "माझा गळा फाटलाय आता. त्यात नगं धरू. तू लिही." आणि तिचं एक आहे, तेच गाणं ती दुसऱ्यांदा तसंच म्हणत नाही. निम्म्या ओळी बदलतात, निम्म्या गळतात. म्हणून जे सांगेल ते त्याच वेळी टिपायला हवं होतं. मी म्हटलं, वहीत कशाला, थेट टाइपच करतो. एवढा मान तरी माझ्या बोटांना उरला होता.

पाच दिवसांत अठ्ठावीस गाणी झाली. काळा चष्मा लावून ती भिंतीला टेकून बसायची आणि मी समोर. बोटं अशी पळायची, की ती मध्येच थांबून नुसती ऐकत राहायची. मला फार बरं वाटायचं. जेवायची वेळ झाली की मी लॅपटॉपचं झाकण लावून उठायचो. मशिनीवर कागद चढवला की काम पुरं होईतो उतरवायचा नाही, उठताना वरून कव्हर घालायचं, ही आमची शिस्त. ती मी इथेही पाळली. पान पाच दिवस तसंच चढलेलं होतं. ते कुठे ठेवावं लागतं, त्याला नाव द्यावं लागतं, हे लेकीने सांगितलं असणारच.

गाणी टिपायला लागल्याच्या सहाव्या दिवशी आक्का दुपारच्या एसटीने जाणार होती. सकाळी तिने शेवटचं गाणं सांगितलं. मी ओळ संपवली आणि पडद्यावरून सगळं नाहीसं झालं. पांढरं पान नाही, अक्षरं नाहीत. नुसता निळा रंग आणि वर काळ्या पट्टीत तारीख-वेळ. त्या निळ्यावर एक चित्र नाही, एक खूण नाही. बँकेतल्या संगणकावर निदान फाइलींची चित्रं तरी मांडलेली असतात. हे भाड्याने द्यायला झाडून ठेवलेल्या खोलीसारखं दिसत होतं.

मी मोबाइल हातात घेतला. लेकीला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

"काय झालं?" आक्काने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"आरं, तोंड बघ तुझं. गेली व्हय गाणी?"

"आक्का, जरा गप बस."

मी तारखेवर टिचकी मारली, कॅलेंडर उघडलं. उजव्या कोपऱ्यात मारली, आवाज कमी-जास्त करायची पट्टी निघाली. तिच्या वरच्या बाजूला लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायची सोय दिसली. घरातला टीव्ही मी असाच दुरुस्त करतो. बोट तिथेच घुटमळत होतं. आक्का शांतपणे म्हणाली, "जाऊ दे. मी मेल्यावर माझ्यासंगं जायचीच होती, जरा आधी गेली." मला तिचा इतका संताप आला, की बोट आपोआप मागे आलं. तिच्या गाण्यांची तिला फिकीर नव्हती आणि मी मात्र घामाघूम झालो होतो.

इन्स्टिट्यूटमध्ये पोरांच्या हातून मशिनीच्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकल्या की ती घाबरून आणखी कळा बडवत. मी ओरडायचो, हात मांडीवर ठेव, आधी बघ. ते बोलणं इतक्या वर्षांनी मीच मला ऐकवलं. हात मांडीवर ठेवले आणि पडदा नीट न्याहाळला, प्रुफं तपासतो तसा, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. डाव्या कोपऱ्यात, काळ्या पट्टीत, एक ठिपका होता आणि त्याच्या उजवीकडे एक लांबट रेघ. पाच दिवस मी तो कोपरा रोज पाहिला होता. तेव्हा रेघ आधी होती आणि ठिपका नंतर. पोरांच्या कागदावरचा हललेला एक ठिपका शोधून मार्क कापणारा मी. एवढं मला दिसणारच.

म्हणजे मी जागेवर नव्हतो. कुठेतरी पलीकडे येऊन पडलो होतो.

त्या रेघेवर टिचकी मारली. अख्खा पडदा आकसून लहान झाला आणि त्याच्या डाव्या कडेला दुसरा पडदा डोकावला. त्यात माझं पांढरं पान होतं, सगळ्या अक्षरांसकट. त्यावर टिचकी मारली तसं ते मोठं होऊन समोर आलं. शेवटच्या ओळीचा पूर्णविरामसुद्धा होता. मी खुर्चीत मागे रेललो. जिवात जीव आला म्हणतात ते काय असतं हे मला त्या सकाळी कळलं.

मग कारणही सापडलं. टाइपरायटरवर ओळ संपली की डावा हात उचलून लिव्हर ढकलायची असते. रंगात आलं की माझा हात अजून हवेत ती ढकलतो. परत येताना माझी तीन बोटं लॅपटॉपच्या खालच्या गुळगुळीत चौकोनावरून डावीकडे घासली गेली होती. मी मुद्दाम करून पाहिलं. तीन बोटं डावीकडे, पान गेलं. उजवीकडे, पान आलं. दहा-बारा वेळा केलं. भीती गेल्यावर चक्क मजा वाटायला लागली.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती म्हणाली, "पप्पा, तसे कितीही पडदे वापरता येतात. एकावर लिहायचं, दुसऱ्यावर वाचायचं. दाखवलं होतं मी." मग म्हणाली, "सेव्ह केलंय ना?" मी "नाही" म्हणालो. मग तिने रागवायचं टाळून एकेक कळ सांगितली. कंट्रोल, एस. नाव काय देऊ, मी विचारलं. आक्काची गाणी. एंटर. वर ते नाव उमटलं.

आक्का म्हणाली, "एसटीला येळ हाय. वाच की जरा."

मी मधलंच एक वाचलं. बाप दीक्षेला निघाला, आईने भाकरी बांधून दिली आणि दहा वर्षांची पोर शेतांमधल्या पांदीपर्यंत त्याच्यामागे पळत गेली, त्याचं. तिसऱ्या दिवशी सांगितलेलं. आक्का चष्म्याआड डोळे मिटून ऐकत होती.

"लई चांगलं हाय," ती म्हणाली. "कुणाचं हाय हे?"

"तुझंच की गं, आक्का."

"माझं?" तिने हात पुढे करून पडदा चाचपला. "मला नाय आठवत. पुन्हा वाच."