चमकणाऱ्या शंभरांपैकी

बड़ा गणपतीच्या स्टॉपवरून निघालेल्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर थर्माकोलचा डबा होता. माझ्या पिशवीचं चुंबकाचं बटण दिसताच तिने तो खिडकीकडे सरकवला.

"सॉरी काका, यातल्या पेशींमध्ये बारीक चुंबकी कण भरलेत. ते चमकतातही. पेशी शरीरात टोचल्यावर कुठे गेल्या ते त्यावरून दिसतं."

तिशीची असेल. बोलताना डब्याचं झाकण अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत होती.

"छान आहे की," मी म्हणालो.

"कुठे छान! पेशी मेली तरी कण चमकतच राहतात. मी दोन वर्षं चमकणाऱ्या सगळ्या जिवंत धरल्या."

हिशेब तपासायच्या जुन्या सवयीने मी विचारलं, "शंभरात जिवंत किती?"

"एकसष्ट. पेपर जुन्याच आकड्यावर तयार आहे, पीएचडी त्याच्यावरच. आज सरांना सांगायचंय."

"नाही सांगितलं तर कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही. इसीलिए तो सांगायचंय."

स्वतःचा आकडा स्वतःहून खाली आणणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

थोड्या वेळाने म्हणाली, "काका, सरांना कसं सांगते ते एक बार सुनो ना. 'सर, थोडा प्रॉब्लेम आहे...'"

"थोडा नको. आकडाच सांगा."

तिने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला आकडा पहिल्याच वाक्यात आला.

तिच्या स्टॉपवर ती डबा दोन्ही हातांनी धरून उतरली. बस हलली तेव्हा तिचे ओठ हलत होते. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण 'एकसष्ट' मला ओळखू आलं.