एक ठिकाण शिल्लक

आमच्या काकांनी आखलेल्या सहलीत एक ठिकाण हमखास बघायचं राहून जायचं. विसरून नव्हे, ठरवून. पाहुणे रुसले तरी काका गाडी वळवू देत नसत. "एक जागा शिल्लक ठिवायची असती," ते म्हणायचे. "सगळंच बघून झालं, तर माणूस परत कशाला येईल?"

गारखेड्यात राहणारे हे माझे धाकटे काका सरकारी कचेरीत कारकून होते. भावकीत कुणाकडंही पाहुणे आले की सहल आखायला तेच लागत. "आधी पोट, मग पाषाण. उपाशी माणूस बुद्धासमोर पण घड्याळ बघतो," हा त्यांचा दुसरा नियम. मटणाचा नान-खलिया कुठं खायचा हे ठरल्याशिवाय लेण्यांचा विषय निघत नसे. काकांच्या हिशेबी कैलास लेणंसुद्धा दोन जेवणांच्या मध्ये येतं, असं आम्ही चिडवायचो. ते खुशाल मान डोलवायचे.

मी लग्न ठरवलं ते नाशिककडच्या मुलाशी. तो द्राक्षांपासून वाइन करायच्या कारखान्यात कामाला होता. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, करमाडकडचे शेतकरी, एका वाक्यात मोकळे झाले. "दारू गाळणाऱ्याला पोरगी देत नसतो मी." मी रडत रडत काकांकडे गेले. काकांनी डोळे पुसायला पंचा दिला आणि विचारलं, "त्याचे आईबाप मटण खातात का?"

मुलगा आणि त्याचे आईबाप पाहुणे म्हणून आले. सहलीला दादाही आले, कारण धाकट्या भावाचा शब्द त्यांना मोडवत नसे. पहिल्या रात्री खलिया झाला. दुसऱ्या दिवशी अजिंठ्यात काकांनी दादांना बरोबर एका चित्रासमोर उभं केलं. राजपुत्र राणीपुढे प्याला धरून बसला आहे.

"भाऊ, हा काय तिला ताक पाजतोय का?"

"चित्रातल्याला पोरगी द्यायची नाय मला," दादा म्हणाले आणि पुढच्या लेण्याकडे चालू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेरूळ झालं. परतताना दौलताबादचा किल्ला समोर उभा, होणाऱ्या सासूबाई खिडकीतून हात दाखवताहेत, आणि काका ड्रायव्हरला म्हणतात, "चल पुढं. हुरडा थंड हुतोय." हुरडा तर आमच्या शेतात अजून भाजायचाच होता!

शेतातली जागाही काकांनीच निवडली होती. तिथं दादांच्या जुन्या द्राक्षबागेचे खांब अजून उभे होते. भुरी रोगानं ती बाग गेली, तेव्हापासून दादा द्राक्षाचं नाव काढत नसत. पाहुण्यांनी आणलेली बाटली काकांनी लपवली नाही, लसणाच्या चटणीशेजारी सरळ ठेवून दिली. दादांनी तिच्याकडे पाठ केली. वळले तिकडं खांब होते, आणि खांबांजवळ तो मुलगा.

"इथं बाग होती का?" त्यानं विचारलं.

"व्हती," दादा म्हणाले. मग छाटणी कधी करायचे, फवारणी कुठं चुकली, हे सगळं निघालं. दोघं खांबांमधून फिरत राहिले. बाटली कुणी उघडलीच नाही. काका हुरडा चोळत बसले होते.

पाहुणे गेले. दादा होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. काही दिवसांनी त्यांनी काकांना फोन केला. "पाव्हण्यांचा किल्ला राहिलाय. बोलवून घे त्यांना."

फोन ठेवून काका मला म्हणाले, "पोरी, झालं तुझं."

किल्ला पाहिला, साखरपुडा झाला. त्या वेळी काकांनी शहरातली पाणचक्की शिल्लक ठेवली. ती बघायचा मुहूर्त लागायच्या आत काकाच गेले. त्यांच्यासारखा आधार मला पुन्हा मिळाला नाही.

परवा दादांना दवाखान्यातून घरी नेत होते. वाटेत पाणचक्की आली. म्हटलं, "दादा, इतकी वर्षं राहिलीय. बघायची का?"

दादांनी मान फिरवली. "नगं. राहू दे तशीच. सगळं बघून झालं, तर त्यो परत कशाला येईल?"