मंजिरीचा ऐच्छिक विषय

“एक तर ते पोरगी राहीन माझ्या वर्गात, नाहीतर मी,” असं म्हणून ढोले बाईंनी घुंगरांची पिशवी माझ्या टेबलावर आपटली. पिशवी छण्णकन वाजली. वेळापत्रकाचा तक्ता घसरून खाली पडला. व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुली फिदीफिदी हसल्या.

मी तेव्हा नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत सुपरवायझर होते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सही करायच्या. सहीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं सुपरवायझरने बघायचं. वेळापत्रक, गैरहजर शिक्षिकांचे तास, रागावलेले पालक. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

नववीत गेल्यावर प्रत्येक मुलीला एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे. आमच्याकडे चित्रकला, शिवणकाम, गायन आणि नृत्य. एकदा घेतला की मॅट्रिकपर्यंत तोच. निवड सोमवारी सांगायची होती आणि ढोले बाई पिशवी घेऊन आल्या तो दिवस शुक्रवारचा.

ढोले बाई आमच्या नृत्यशिक्षिका. अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. ‘ते पोरगी’ म्हणजे मंजिरी. लहानपणापासून कथक शिकत होती. तिच्या गुरुजींचं नाव शहरात सगळ्यांना माहीत होतं. मंजिरीने स्टेजवर चक्कर घ्यायला सुरुवात केली की बघणाऱ्यालाच भोवळ यायची.

“अहो, इतकी तयार मुलगी वर्गात आली तर तुम्हालाच बरं,” मी म्हणाले.

“बरं काहून? मी हात वर करा म्हणीन, ते म्हणीन, बाई, कोपर चुकलं. मी काय शिकवू तिले? मलेच शिकवून राहीन ते! अन् बाकीच्या पोरी माह्या तोंडाकडे पाहून हसून राहतीन.”

मी त्यांना चहा मागवला आणि पिशवी टेबलाखाली ठेवली.

दुपारी मंजिरीच्या आई आल्या. पदर खोचूनच आल्या, म्हणजे भांडायची तयारी होती.

“बाई, तिला नृत्यच द्या. इतकी वर्षं रिक्षाने नंदनवन भागातून तिला क्लासला नेते-आणते आहे. आता त्याचे फुकटात मार्क मिळतात, तर शिवणकाम कशाला घ्यायचं? तिला साधं बटणही लावता येत नाही.”

“मग अडचण काय आहे?”

“गुरुजी.” त्यांचा आवाज एकदम उतरला. “ते म्हणतात, शाळेतला नाच धरला तर माझी पायरी चढायची नाही. तुम्हीच समजवा ना त्यांना.”

मी कागदावर कोणाचं काय म्हणणं आहे ते लिहून काढलं. माझी ही सवय घरीही आहे. माझे यजमान म्हणतात, ही भाजी आणायला जातानाही कोथिंबिरीची बाजू ऐकून घेते. आईला विषय हवा, गुरुजींना नको, ढोले बाईंना मुलगी नको, मोठ्या बाईंना कटकट नको. सगळं लिहून झाल्यावर लक्षात आलं, मंजिरीचं नाव कागदावर कुठेच नाही. तिला बोलावून घेतलं.

“तुला काय हवंय गं?”

 ती जमिनीकडे बघत म्हणाली, “बाई, रागावणार नाही ना? मला नाचाच्या तासाला जायचंय.”

“मार्कांसाठी?”

“नाही. गुरुजींकडे मी एकटीच नाचते. समोर गुरुजी, बाजूला तबला. हसायचं नाही, चुकायचं नाही. इथे ढोले बाईंच्या तासाला सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडतात. मी गणिताच्या वर्गातून ऐकते ना.” तिने मान वर केली. “मलापण पडायचंय.”

“आणि गुरुजींनी क्लास बंद केला तर?”

तिचे डोळे लगेच भरले. “मग नको. मग मी शिवणकाम घेईन.”

बटण न लावता येणारी मुलगी हे म्हणत होती. मी ठरवलं, सगळ्यांना एका जागी आणायचं. गुरुजींना निरोप पाठवला की उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे, कृपया शाळेतला नाच एकदा डोळ्यांनी बघून मग नाही म्हणा.

गुरुजी आले. पांढराशुभ्र कुर्ता, तोंडात पान, हातात छडी. मोठ्या बाईंना नमस्कार करून ते हॉलमध्ये खुर्चीवर बसले. शेजारी मंजिरीच्या आई अवघडून बसल्या.

“बाईसाहेब, तुमचा मान ठेवून आलो,” ते मला म्हणाले. “पर शाळेत जो चालतो त्याले मी नाच नाही म्हणत. पी.टी. म्हणतो.”

हे ढोले बाईंनी ऐकलं. त्यांनी ओठ आवळले आणि मुलींना सांगितलं, “चला वं, गोफ घ्या.”

गोफ बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर कडीला रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात. प्रत्येक मुलीच्या हातात एका पट्टीचं टोक. निम्म्या मुली एका दिशेने फिरतात, निम्म्या उलट. समोरून येणारीला एकदा आतून आणि एकदा बाहेरून ओलांडायचं. असं नाचत गेलं की वर पट्ट्यांची सुंदर वेणी विणली जाते, आणि उलट नाचत आलं की ती सुटते. म्हणून मुली जोडीच्या संख्येतच लागतात. त्या दिवशी एक गैरहजर होती.

“मंजिरी, ये,” मी भिंतीशी उभ्या असलेल्या मंजिरीला म्हणाले. गुरुजींच्या कपाळाला आठी पडली.

ढोले बाईंनी ढोलकी मांडीवर घेतली. नाच सुरू झाला. मंजिरी इतकी हलकी चालत होती की बाकीच्या मुली तिच्यापुढे पोती वाहून नेल्यासारख्या दिसत होत्या. गुरुजींनी खुर्चीवर ताठ होऊन माझ्याकडे पाहिलं. बघा, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

तेवढ्यात मंजिरी थांबली. एक हात वर, मान तिरकी, अगदी मूर्तीसारखी. मागून येणारी सुलभा तिच्या पाठीवर आदळली. सुलभावर तिच्या मागची, तिच्यावर त्याहून मागची. सगळा ढीग खाली.

“अवं, थांबली काहून?” ढोले बाई ओरडल्या.

“सम आली बाई!” ढिगाखालून मंजिरी म्हणाली.

सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. कथकमध्ये नाचाचा एखादा तुकडा फिरून समेवर आला की नाचणारा झटक्यात थांबतो, आणि त्या थांबण्यालाच टाळ्या पडतात. मंजिरीच्या पायांना इतक्या वर्षांची तीच सवय. गोफात मात्र थांबायला जागाच नाही.

“आता चक्कर घे अन् निघ!” गुरुजी खुर्चीतून म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

तिने ऐकलं. उभी राहून गर्रकन चक्कर घेतली. पट्टी तिच्याभोवती गुंडाळली गेली, शेजारच्या दोघींच्या पट्ट्याही त्यात आल्या. मुली हसून हसून लालबुंद झाल्या. सुलभा पाय धरून बाजूला बसली.

“हात्तिच्या!” गुरुजींनी छडी खुर्चीला टेकवली आणि कुर्त्याच्या बाह्या सरसावल्या. “इसमें क्या है? लाओ इधर. बेटा, देख, लय सोडायची नाही.”

पट्ट्या सोडवून पुन्हा उभे राहिले सगळे. सुलभाच्या जागी गुरुजी. ढोले बाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि ढोलकीवर थाप मारली. गुरुजींची पावलं काय सांगू! पन्नाशी उलटलेला माणूस पिसासारखा फिरत होता. आतून, बाहेरून, आतून. मुली टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या.

आणि सम आली.

गुरुजी थांबले. हात वर, मान तिरकी. मंजिरीही थांबली, गुरुजी थांबले म्हणून. दोन्हीकडून मुली येऊन धडकल्या. गुरुजींचा हात पट्टीत, पट्टी मंजिरीच्या वेणीत. मंजिरीच्या आई “अगं बाई, गुरुजी!” म्हणत सोडवायला धावल्या आणि त्यांचा खोचलेला पदरही आत ओढला गेला. कडी वर करकरत होती. मी त्यांना बाहेर ओढायला गेले, तर मीही आत अडकले आणि माझा चष्मा कुणाच्या तरी खांद्यावर गेला.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

“हा कुठला तास आहे?” त्यांनी विचारलं.

“ऐच्छिक, मोठ्या बाई,” मी आतून म्हणाले.

“हलू नका कोणी!” ढोले बाई गर्जल्या. “गुरुजी, तुमीबी! हात खाली घ्या. मंजिरी, उलटी ये, सुधाच्या आतून. तू नाही वं, तू उभी राय! आता गुरुजी, बाहेरून. बाहेरून म्हणते ना मी!”

शहरातला नामवंत नर्तक निमूट बाहेरून गेला. हळूहळू वेणी सुटली. ढोले बाईंनी कुणाला श्वास घेऊ दिला नाही. लगेच ढोलकी वाजवली, “पुन्हा. समेकडे पाहू नका. समोरचीकडे पाहा.”

तिसऱ्या खेपेला गोफ विणला गेला. सम आली की गुरुजींच्या खांद्याला जरासा झटका बसायचा, पण पाय चालत राहायचे. मंजिरी हसत होती, मोठ्याने, दात दिसतील अशी. एकदा ती खरंच सुधाच्या अंगावर पडली. उठली आणि पुढे गेली.

गुरुजी घाम पुसत खुर्चीवर बसले. मंजिरी समोर येऊन उभी राहिली. तिचं हसू आता मावळलं होतं. तिच्या आईने पदर घट्ट धरला होता.

“गुरुजी, मी थांबायला नको होतं का?”

“तू काय, मीबी थांबलोच ना, बेटा.”  वरच्या वेणीकडे एकदा बघून ते ढोले बाईंकडे वळले. “बाई, हे मी तिला शिकवलं नाही. मला येत नाही. ठेवा तिला. पर गोफ माझ्याकडे आणायचा नाही, अन् चक्कर इथे नाही.”

“अन् माझं कोपर कोणी दुरुस्त करायचं नाही,” ढोले बाई म्हणाल्या.

“मंजूर,” मंजिरी म्हणाली आणि आधी गुरुजींच्या, मग ढोले बाईंच्या पाया पडली. ढोले बाई इतक्या गडबडल्या की त्यांनी घुंगरांची पिशवी गुरुजींच्याच हातात दिली.

सोमवारी मंजिरीच्या नावापुढे नृत्य लागलं. गुरुजींचा क्लासही चालू राहिला. मॅट्रिकला नृत्यात तिला मार्क मिळाले ते शिवणकामाच्या मुलींपेक्षा कमीच. तिच्या आईने मला जाब विचारला. परीक्षेत कथक नव्हतं, ढोले बाईंचा नाच होता; फुकटचे म्हणून समजलेले मार्क मुलीला मेहनतीने मिळवावे लागले, एवढंच माझ्याकडे उत्तर होतं.

त्या वर्षापासून मी शाळेत नियम केला. ऐच्छिक विषय ठरवण्याआधी मुलीने त्या तासाला बसून बघायचं आणि पालकांनी आपलं मत त्यानंतरच सांगायचं. नियम टाइप करून मोठ्या बाईंच्या सहीला ठेवला. त्यांनी सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: पालक व गुरुजन यांनी गोफाच्या पट्ट्यांना हात लावू नये.