दुसरी किल्ली

गावाला कुणाचीही सभा ऐकू यायची ती भोंगेकाकांच्या कृपेने. भोंगे केव्हाच मोडीत गेले, स्पीकरची काळी खोकी आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस मात्र इतका हळू बोलणारा, की शेजारी बसलेल्यालाही कान टवकारावे लागत. "घरभर भोंगे आणि घरधन्याला आवाज नाही," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काका हसत आणि वायरी गुंडाळत बसत.

काकू कुलपांच्या कारखान्यात. सव्वीस वर्षं एकच काम: प्रत्येक कुलपाला दोन्ही किल्ल्या लावून बघायच्या. एकही अडली तर कुलूप परत. परदेशाशी खुल्या व्यापाराचा करार होणार, बाहेरची स्वस्त कुलपं येणार, म्हणून कारखाना बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

नेमकं त्याच कराराच्या प्रचाराचं काम काकांना मिळालं. व्यापारमंत्र्यांच्या बारा सभा, भाषण एकच. "ज्यांच्याशी व्यापार, त्यांच्याशी युद्ध नाही. हा करार म्हणजे लोकशाहीचं बळ आणि देशाची सुरक्षा." मंत्र्यांना दमा होता, 'सुरक्षा' येईपर्यंत श्वास संपायचा. तिसऱ्या सभेपासून काका त्या शब्दाला आवाजाचं बटण दोन रेघा वर नेऊ लागले. टाळ्या बरोब्बर तिथेच पडायला लागल्या. कौतुकाने त्यांनी हे घरी सांगितलं.

"म्हणजे देशाची सुरक्षा तुमच्या अंगठ्यावर चालते तर," काकू म्हणाल्या.

"अगं, माझं काम आवाजाचं. काय बोलायचं ते बोलणारा बघेल."

"बरोबर आहे. ज्याची खावी पोळी..." काकूंनी म्हण तिथेच सोडली आणि पाठ फिरवली. उरलेली काकांना पाठ होती. ती त्यांना फार लागली.

बारावी सभा गावातच होती. टाळ्या झाल्या. मंत्र्यांनी शेवटी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" हेही भाषणातलंच वाक्य, खाली माईक कधी नसेच. पण आज मागच्या रांगेत काकू उभ्या राहिल्या. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मंत्री घड्याळ बघू लागले.

तीस वर्षांत चालू सभेत काकांनी आपलं टेबल सोडलं नव्हतं. आज ते बिनतारी माईक घेऊन उठले. "अहो, कुठे निघालात?" असं पक्षाचा सेक्रेटरी विचारत राहिला. काकांनी माईक बायकोच्या हातात दिला आणि जागेवर येऊन बसले.

"साहेब," काकू म्हणाल्या, "सैन्याच्या कोठारांना आमची कुलपं जातात. दोन्ही किल्ल्या मी लावून बघते आणि दोन्ही कोठारातच जातात. उद्या कुलूप बाहेरून आलं, तर..."

इथे त्यांचा आवाज बसला. काकांचा अंगठा दोन रेघा वर गेला.

"...तिसरी किल्ली कुणी करून ठेवली नाही, हे कोण बघणार?"

मैदानाच्या पार टोकापर्यंत ते ऐकू गेलं. टाळी पडली नाही. सगळे मंत्र्यांकडे बघत राहिले. "लेखी कळवू," म्हणून मंत्री गाडीत बसले.

"पुढच्या वेळी दुसरा माणूस बघतो," सेक्रेटरीने सांगितलं. काका "बरं" म्हणाले, नेहमीसारखं हळू.

काकू वायरी गुंडाळायला बसल्या. "आवाज जरा जास्तच लावलात."

"सबंध संसारात पहिल्यांदा तुझा कमी पडला," काका म्हणाले. "मला बघवेना."