गाळलेला फॉर्म

‘इंटरनेटवर आहे’ हे कोणी पुरावा म्हणून पुढे केलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या घरात हे पहिल्यांदा मीच म्हटलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही डोंबिवलीला राहायचो. मी ठाण्याच्या एका ऑफिसात होते आणि तिथे नुकतंच इंटरनेट आलं होतं. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर मायक्रोमीटर लावून माल तपासला; केसभर फरक दिसला तरी लॉट परत. त्यांना डायबेटिस होता आणि रोजच्या गोळ्यांचा मनस्वी कंटाळा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मला ते पान सापडलं. मेथी, जांभळाच्या बिया आणि आणखी दोन-चार जिनसांचं चूर्ण घ्या, दोन महिन्यांत गोळ्या बंद. खाली बऱ्या झालेल्यांची पत्रं. इंग्रजी बाबांना जड जायचं, म्हणून मी सगळं फुलस्केपवर मराठीत उतरवून काढलं. शेवटी तेच चूर्ण तयार मागवायचा फॉर्म होता. तो मी गाळला. घरी करता येतंय तर विकत कशाला, एवढीच माझी अक्कल.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“हे लिहिलंय कोणी?”

“अहो बाबा, इंटरनेटवर आहे.”

“अगं, पण माणूस कोण?”

“तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच लागलीय.”

ते हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. बरोबर प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी गप्प केलं. तो फॉर्म त्यांच्या डोळ्यांसमोर आला असता, तर माल विकणाराच मालाला सर्टिफिकेट देतोय हे त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. मी पदवीधर. मला दिसूनही कळलं नाही.

गोळ्या बंद झाल्या. काही महिन्यांनी चप्पल लागून अंगठ्याला फोड आला, तो चिघळला, काळा पडला. अंगठा काढावा लागला. गोळ्या कोणी बंद केल्या, असं डॉक्टरांनी दरडावून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “मीच.” मला त्यांचाही राग आला. मला पाठीशी घालायला कोणी सांगितलं होतं?

घरी आल्यावर आईने सांगितलं की बाबांनी त्या कागदाच्या झेरॉक्स काढून बिल्डिंगमधल्या शुगरवाल्यांना वाटल्या होत्या. मी तशीच जिने चढत सुटले. तीन झेरॉक्स मिळाल्या, तिथल्या तिथे फाडल्या. चौथी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे होती. दारातच त्यांना सांगितलं, ते सगळं खोटं आहे, बाबांचा अंगठा गेला त्यापायी.

“अगं, त्यांनी पथ्य पाळलं नसेल,” काकू शांतपणे म्हणाल्या. “आणि मी कुठे घेतलं ते? मला नाही जमत असलं कडू. कागद टिटवाळ्याला बहिणीला दिला.”

“त्यांना आजच्या आज गोळ्या सुरू करायला सांगा.”

“सांगून बघते. पण ती ऐकायची नाही आता. गोळ्या सोडल्यापासून तिला इतकं हलकं वाटतंय म्हणे.”

हलकं वाटतंय. बाबाही हेच म्हणत होते, अंगठा काळा पडेपर्यंत.