ऊन चढल्यावरची घळ

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि कतारला आलो. नोकरी रास लफानच्या गॅस प्रकल्पात, सेफ्टीत. कंपनीच्या बसमध्ये शेजारी सौरभ बसतो, नाशिकचा तरुण इंजिनिअर. परवा त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. दोन कड्यांमधली उभी, अरुंद बर्फाची घळ.

"काका, एप्रिलमध्ये इथून स्कीइंग करत उतरणार, इन्शाल्ला."

"जा," मी म्हणालो. "पण आधी ऐक."

तेव्हा माझं पोस्टिंग लडाखमध्ये होतं. पोस्ट कमांडर नायब सुभेदार दोर्जे. आम्हाला स्कीइंग त्यांनीच शिकवलं. रोजचं काम ठरलेलं: गस्त, रेडिओ चेक, पोस्टभोवतीचा बर्फ उपसणं. वसंत लागला तसा डोंगर आवाज करू लागला. दुपारी कुठेतरी बर्फ सुटायचा आणि पायाखाली हादरा जाणवायचा. साहेबांचा हुकूम होता, ऊन चढल्यावर पोस्टखालच्या घळीत कोणी उतरायचं नाही.

एका सकाळी खालच्या पोस्टवरून रेडिओवर निरोप आला. शिपाई रावतच्या छातीत पाणी भरलं होतं. ऑक्सिजन संपत आला होता. दरीत ढग दाटलेले, हेलिकॉप्टर येईना. पायवाट हिमस्खलनाखाली गेलेली. उरली घळ. आणि वर आमच्याकडे लख्ख ऊन चढलेलं.

साहेबांनी घळीकडे पाहिलं आणि स्की बांधायला घेतल्या.

"शिंदे, एक सिलिंडर तू घे, एक मी. पुढे तू. मध्ये थांबायचं नाही."

"आणि तुम्ही, साहेब?"

"तू बाहेर पडलास की निघतो."

मी उतरलो. बर्फ ओला, जड झाला होता. प्रत्येक वळणाला सुटलेले गोळे माझ्याआधी खाली धावत होते. घळीबाहेर पडून खडकाआड गेलो.

"बाहेर आलोय. ओव्हर."

"निघतो. आऊट."

ते अर्ध्यावर असताना वर धप्प आवाज झाला. रेडिओवर एकच शब्द आला, "पळ." मग घळीतला सगळा बर्फच खाली आला.

सगळं थांबल्यावर मी हाका मारल्या. फावड्याने, मग हातांनी उकरलं. रेडिओवर खालची पोस्ट सांगत होती, रावतचे ओठ निळे पडलेत. मी सिलिंडर घेऊन खाली गेलो.

रावत वाचला. साहेब बर्फ वितळल्यावर सापडले.

सुट्टीत मी आणि रावत साहेबांच्या गावी गेलो. रावतला आत यायचा धीर होईना. साहेबांच्या पत्नीने मला चहा दिला आणि विचारलं, "ज्याच्यासाठी गेले, तो वाचला का?"

"वाचला. बाहेर उभा आहे."

"मग आत बोलवा त्याला," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक पेला मांडला.