नवापूरच्या बोटीवरचा वायरलेस

माझं शेवटचं पोस्टिंग नौदलाच्या टेक्निकल ट्रेनिंग स्कूलमध्ये होतं. गुजरातच्या किनाऱ्यावर, इन्स्ट्रक्टर म्हणून. त्याआधी एकवीस वर्षं जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी डेकच्या खाली, उघडलेल्या रडारसमोर नाहीतर वायरलेस सेटसमोर. लोक विचारतात, समुद्र कसा दिसतो? आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तो फारसा दिसत नाही. हलतो तेवढा कळतो.

स्कूलचा दिनक्रम ठरलेला. ०५३० ला पीटी, ०७०० ला नाश्ता, ०८०० ला क्लास. सकाळी थिअरी, दुपारी बेंचवर काम. पोरं पहिला महिना सोल्डरिंगपेक्षा स्वतःची बोटंच जास्त भाजून घ्यायची आणि मी ओरडायचो. मला ओरडता चांगलं येतं. पण पोरं खचायची ती माझ्या ओरडण्याने नाही, घरच्या फोनने. बैल मेला, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, आजी दवाखान्यात आहे. असं काही कळलं की पोरगा दिवसभर सेटकडे नुसता बघत बसायचा आणि आठवड्याच्या टेस्टला आपटायचा. म्हणून मी प्रत्येक घराला नियम घालून दिला होता. फोन फक्त रविवारी. घरी सगळं ठीक आहे एवढंच सांगायचं. बाकी सगळं कोर्स संपल्यावर.

मी मूळचा बोईसरजवळच्या बेटेगावचा. एका वर्षी क्लासमध्ये तिथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा एक पोरगा होता, नितेश. आपल्या भागातला, म्हणून मी त्याला इतरांपेक्षा चार शिव्या जास्त घालायचो. वडील दामोदर, मासेमारी करणारे, स्वतःची छोटी बोट. पोरगा बारावीला असतानाच त्यांनी त्याला बोटीवर यायची बंदी केली होती आणि स्वतःच्या धाकट्या भावाला, रमेशला, सोबत घेतलं होतं. आई निर्मलावहिनी बोंबील वाळवून बाजारात न्यायच्या. त्यांनी माझा नियम शब्दशः पाळला. एकदा वहिनींचा हात मोडला, प्लास्टर उतरलं, तरी नितेशला पत्ता नव्हता. मला ते कळलं तेव्हा मी त्यांचं कौतुक केलं.

फायनलला तीन आठवडे होते तेव्हा मी रजेवर घरी आलो आणि एका दुपारी नवापूरला गेलो. चहा झाला. दामोदरभाऊंनी सहज सांगितलं की बोटीवरचा वायरलेस बिघडलाय. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, दुसऱ्या बोटींचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण आपलं बोललेलं कोणाकडे जात नाही.

असे फॉल्ट मी शेकड्याने काढलेत. हातात धरून बोलायच्या हँडसेटची वायर बटणापाशी वाकून वाकून आत तुटते. बाहेरून काही दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम. मी म्हणालो, आणा इकडे, बघतो.

ते हसले. "नको सायेब. नितेश येईल तवा तोच उघडील. सगल्या गावाला सांगून ठेवलाय मी. तुमी उघडलात तर त्याला काय ऱ्हायला?"

मी बजावलं की सेट नसताना लांब जाऊ नका. ते म्हणाले, लांब कुठे जातो, बाजूला सगळ्या आपल्याच बोटी असतात. आणि नितेशला यातलं काही सांगू नका, परीक्षा आहे त्याची. माझाच नियम मला ऐकवला. मी चीफ पेटी ऑफिसर होतो. हुकूम सोडणं हे माझं रोजचं काम. तिथे मात्र मला बापाचं कौतुक वाटलं आणि मी विषय सोडून दिला. आज त्या कौतुकाची मला चीड येते.

परत आल्यावर फायनलचं प्रॅक्टिकल मीच लावलं. प्रत्येकाच्या सेटमध्ये वेगळा फॉल्ट घालायचा असतो. नितेशच्या सेटला मी त्याच्या बापाच्या बोटीवरचा फॉल्ट घातला. हँडसेटची वायर आतून तोडली. पास होऊन घरी जाईल, बापाचा सेट उघडेल आणि तोच फॉल्ट बघून चक्रावेल, मग फोनवर मला शिव्या देईल, अशी माझी गंमत होती.

प्रॅक्टिकलच्या दिवशी ०७४० ला माझा फोन वाजला. रमेश होता. आदल्या दुपारी बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. वारा उठला, मागून पाणी आत यायला लागलं. रमेश रिकाम्या कॅनला धरून तरंगत राहिला आणि संध्याकाळी त्याला दुसऱ्या बोटीने उचललं. दामोदरभाऊ सकाळी सापडले, किनाऱ्याला लागलेले.

मी विचारलं, वायरलेस?

"भाऊ बोलत व्हता त्याच्यावर सायेब. पानी कमरेपर्यंत आला तरी बोलत व्हता. आमाला त्यांचा सगला ऐकू येत व्हता. जाल्यात काय गावला ते सांगत व्हते एकमेकांना. जवलच व्हते. आमचा कोनी ऐकला नाय."

मग फोन वहिनींनी घेतला. आवाज बसलेला होता. "त्याची परीक्षा हाय ना आज? झाल्यावर सांगा. तुमीच बोलला होतात, घरचा काय सांगायचा नाय."

नियमाप्रमाणे मी त्याच क्षणी पोरांच्या डिव्हिजनल ऑफिसरना रिपोर्ट करायला हवं होतं. केलं नाही. ०८०० ला क्लास रांगेत फॉल-इन झाला. नितेशचा नंबर ०९१० ला लागला.

मी घड्याळ घेऊन समोर उभा राहिलो. त्याने पॉवर दिली, आवाज ऐकला, बटण दाबलं, मीटर बघितला. मग हँडसेट हातात घेतला आणि वायर बोटांनी चाचपत बटणापर्यंत आला. अकराव्या मिनिटाला सेट बोलायला लागला. वर्गातली सर्वात चांगली वेळ. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "सर, हा सोपा दिलात. आमच्या बोटीवर एकदा हाच झाला होता. मी दहावीत असताना काढला होता."

मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं. अशी बातमी फिरवून सांगायची नसते हे मी सर्व्हिसमध्ये शिकलो होतो. तुझे वडील काल समुद्रात बुडून वारले. काका वाचलाय. आई घरी आहे.

तो भिंतीला टेकला. मग त्याने विचारलं, "सेट होता ना बोटीवर?"

होता, मी म्हणालो. ऐकत होता, बोलत नव्हता.

त्याने आत बेंचकडे बघितलं. "तुमाला म्हाईत होता?"

"हो."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

तो वळला. आत गेला. सेटचं कव्हर बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले, जॉब शीटवर वेळ लिहून सही केली. ट्रेनिंगमध्ये आम्ही तेच शिकवतो, काम उघडं टाकून जायचं नाही. नंतर तो बेंचखाली बसला आणि मोठमोठ्याने रडला. सगळा क्लास उभा होता. मला त्याच्याजवळ जाता आलं नाही.

डिव्हिजनल ऑफिसरनी मला दोन वाक्यांत झाडलं, ते योग्यच होतं. मग रजा मंजूर केली आणि मलाच सोबत पाठवलं. रात्रभराच्या गाडीने निघालो. सकाळी बोईसरला उतरलो. अंत्यविधी त्याच्यासाठी थांबवला होता. गावातली एकही बोट त्या दिवशी पाण्यात गेली नाही. शेजारच्या बोटींवर असून दामोदरभाऊंच्या हाका ज्यांच्या कानावर पडल्या नव्हत्या, त्यांच्यातलेच चौघे जण खांदा द्यायला पुढे होते.

तिरडी उचलायच्या आधी मी वहिनींसमोर हात जोडले. मला माफी मागायची होती. त्यांनीच माझे हात खाली केले. "तुमचा दोष नाय सायेब. तुमी सांगितला तसाच केला आमी सगला." मग विचारलं, "पास झाला ना तो?"

मी म्हणालो, पहिला आला.

नितेश आज सीनियर सेलर आहे, जहाजावर वायरलेस सांभाळतो. दिवाळीला त्याचा मेसेज येतो. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मीही रिटायर होऊन बोईसरला आलो. अजूनही भरतीला गेलेल्या पोरांचे आईबाप मला भेटायला येतात, घरचं पोराला किती सांगावं विचारतात. मी म्हणतो, सगळं सांगा. नापास झाला तर पुन्हा बसेल.

आमच्या माजी सैनिकांच्या कार्यक्रमात दरवर्षी गेलेल्यांची नावं वाचतात. ऑन ड्यूटी गेलेल्यांची. दामोदरभाऊ त्या यादीत बसत नाहीत, त्यांनी कधी युनिफॉर्म घातला नव्हता. यादी संपते, दोन मिनिटं सगळे उभे राहतात. तेवढ्यात मी माझी एक नोंद मनाशी वाचून घेतो. दामोदर, राहणार नवापूर. सेट नादुरुस्त. इन्स्ट्रक्टरला कळवलं होतं.